डॉक्टर नसतानाही चालेल अशी आरोग्यसेवा कशी उभी करायची?

दुर्गम किंवा दुर्लक्षित वस्तीत जाऊन काम करायची इच्छा असलेले डॉक्टर कमी नाहीत. ते जातात, मनापासून राबतात, ओपीडीला रांगा लागतात. मग काही वर्षांनी मुलांचं शिक्षण, आई-वडिलांचं आजारपण किंवा निव्वळ थकवा आडवा येतो. डॉक्टर परततात आणि महिन्याभरात दवाखान्याला कुलूप लागतं. मागे राहिलेल्या लोकांवर हा मोठाच अन्याय असतो. रक्तदाबाची गोळी, फिटचं औषध, मधुमेहाचा उपचार एकदम थांबतो, आणि 'डॉक्टर येतात नि जातात' हे मनात पक्कं बसल्यामुळे पुढच्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही.

असं काम सुरू करू पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि त्यांच्या छोट्या टीमसाठी हा लेख आहे. प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न स्वतःला विचारत राहा: मी इथे नसेन तेव्हा हे काम कोण करणार? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव यायला हवं. 'बघू', 'कुणीतरी करेल' असं उत्तर आलं, तर ते काम अजून उभं राहिलेलं नाही असं समजा.

जाण्याआधी

ब्रिटनमधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक नियम मांडला: जिथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. तुम्ही निवडलेला भागही बहुधा या नियमात बसणारा असेल. पण सेवा 'कमी' आहे म्हणजे 'काहीच नाही' असं नसतं. एखादं सरकारी उपकेंद्र असतं, अनुभवी दाई असते, पदवी नसलेला पण रात्री हाकेला धावून येणारा इंजेक्शनवाला असतो, औषधाचं दुकान असतं. या सगळ्यांची यादी करा आणि प्रत्येकाला जाऊन भेटा. उद्या पेशंट तुमच्याकडे पाठवायचा की तुमच्यापासून लपवायचा, हे हेच लोक ठरवणार आहेत.

नोंदणी, परवाने आणि स्थानिक आरोग्य प्रशासनाची लेखी संमती या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात, पण त्या आधी पूर्ण करा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जी शस्त्रक्रिया किंवा प्रक्रिया शहरातल्या रुग्णालयात एकट्याने करण्याची तुम्हाला परवानगी नाही, ती इथेही करू नका. 'इथे दुसरं कुणीच नाही' हे कारण जीव वाचवण्याच्या क्षणी चालतं, सराव करण्यासाठी चालत नाही. शिकाऊ विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं.

एकट्याने जाऊ नका. दोन डॉक्टर, निदान एक डॉक्टर आणि एक अनुभवी नर्स, एवढं तरी असावं. सुट्टी कोण कधी घेणार हे पहिल्याच महिन्यात ठरवा आणि ती खरोखर घ्या. तुम्ही रजेवर असतानाचे पंधरा दिवस दवाखाना कसा चालला, यावरूनच तो टिकेल की नाही हे कळतं.

पहिले महिने: ऐका आणि मोजा

या टप्प्यावर घाई करू नये. दवाखाना उघडायचा दबाव असतो, देणगीदार फोटो मागतात, लोकही दारात येऊन उभे राहतात. तातडीचे पेशंट जरूर बघा. पण इमारत, यंत्रं, नोकरभरती हे सगळं थांबवा.

लोकांना काय हवंय ते आधी विचारा, आणि वेगवेगळे बसवून विचारा. सगळ्यांच्या सभेत प्रतिष्ठित पुरुष बोलतात. बायकांची बैठक वेगळी घ्या, वस्तीतल्या सर्वांत गरीब टोकाला वेगळे जा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा लोकांनी पाणी आणि अन्न मागितलं. मग आरोग्याच्या कामात विहिरी आणि बोअरवेल आल्या, आणि त्या मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या गेल्या. जुलाबांवरचा तो खरा इलाज होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना रुग्णालय कसं हवं ते विचारलं. मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटत होती आणि पेशंटपासून नातेवाइकांना दूर ठेवणं मान्य नव्हतं. म्हणून तिथलं रुग्णालय झोपड्यांसारखं बांधलं गेलं, नातेवाईक पेशंटजवळ राहू शकतात, आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव आहे.

लोक काय सांगत नाहीत, तेही शोधावं लागतं. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ओपीडीचं रजिस्टर बघून हे कधीच कळलं नसतं.

म्हणून घरोघर गणना करा. दक्षिण आफ्रिकेत फोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४०च्या दशकात हेच केलं. एक मर्यादित भाग निवडायचा, त्यातल्या प्रत्येक घराची दरवर्षी नोंद करायची आणि मग तो भाग वाढवत न्यायचा. आजही याहून चांगली पद्धत नाही. प्रत्येक घराला क्रमांक द्या. घरात कोण कोण राहतं, वय, गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुलं, गेल्या वर्षभरातले जन्म आणि मृत्यू, पाणी कुठून येतं, एवढं पहिल्या फेरीत पुरे. चाळीस प्रश्नांचा फॉर्म केलात तर उत्तरं खोटी मिळतील. ओपीडीत महिन्यात कुपोषित मुलं तीस आली, यावरून काहीच समजत नाही. वस्तीत पाच वर्षांखालची मुलं एकूण किती, हे माहीत असेल तरच त्या तिसाला अर्थ येतो.

गणनेवरून पुढचा हिशेब करता येतो. समजा लोकसंख्या ५,००० आणि जन्मदर हजारी २० आहे. म्हणजे वर्षाला साधारण १०० बाळंतपणं. गरोदरपणात किंवा बाळंतपणात गंभीर गुंतागुंत होण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्के धरतात, म्हणजे अशा १५ स्त्रिया. तुमच्या रजिस्टरमध्ये वर्षभरात चारच दिसत असतील, तर उरलेल्या अकरा घरी होत्या. त्यांचं काय झालं ते शोधायला निघा.

प्रत्येक मृत्यूची कहाणी ऐकणं हा या टप्प्याचा गाभा आहे. काही आठवडे जाऊ द्या, मग घरी जा, खाली बसा, आणि वहीत रकाने न भरता आधी ऐका. ताप कधी आला, आधी कुणाला दाखवलं, निघायचं कुणी ठरवलं, गाडी कधी मिळाली, रुग्णालयात किती वेळ थांबावं लागलं. मातामृत्यूंबाबत थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ साली तीन विलंब सांगितले: निर्णय घ्यायला उशीर, पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. वीसेक कहाण्या ऐकल्यात की तुमच्या भागात कोणता उशीर माणसं मारतोय ते स्पष्ट होतं. अनेकदा उत्तर 'डॉक्टर नव्हता' हे नसतं. नवरा बाहेरगावी होता आणि सासू निर्णय घेऊ शकत नव्हती, एवढंच असतं.

थोड्याच गोष्टी निवडा

आता यादी लांबलचक होईल. त्यातून पहिल्या दोन वर्षांसाठी तीन-चार प्रश्नच घ्या. निवडताना तीन गोष्टी पाहा: त्याने खूप लोक मरतात किंवा कायमचे खचतात का, स्वस्त आणि सिद्ध झालेला उपाय आहे का, आणि तो उपाय डॉक्टर नसलेली माणसं देऊ शकतात का. बहुतेक ठिकाणी नवजात बाळं, जुलाब, न्यूमोनिया, कुपोषण आणि बाळंतपण यांतूनच सुरुवात होते. जिथे लोक वयस्क आहेत तिथे रक्तदाब आणि मधुमेह वर येतात. क्षयरोग जवळजवळ सगळीकडे असतो.

इथे शिबिरांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एका दिवसात पाचशे लोकांचं बीपी मोजून, त्यातल्या शंभरांना महिन्याच्या गोळ्या देऊन निघून जाणं याला मी सेवा मानत नाही. त्या शंभरांची गोळी एकतिसाव्या दिवशी संपते. मोतीबिंदूसारख्या एकदाच्या शस्त्रक्रियेसाठी शिबिर ठीक आहे, तेही नंतरची तपासणी कोण करणार हे ठरलेलं असेल तर. आयुष्यभराच्या आजाराला आयुष्यभर चालणारी व्यवस्थाच लागते.

आरोग्यदूत: निवड, शिकवण, मोबदला

तुमच्या कामाचा कणा म्हणजे आरोग्यदूत, वस्तीतच राहणारी, तिथलीच माणसं. जामखेडला आधी प्रशिक्षित नर्स गावात ठेवून पाहिल्या, ते टिकलं नाही. मग गावातल्याच स्त्रिया घेतल्या. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या. त्या दर आठवड्याला केंद्रावर यायच्या, मुक्काम करायच्या, शिकायच्या, परत जायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं. दहा दिवसांचं प्रशिक्षण, समारोपाला प्रमाणपत्र आणि पुढे काहीच नाही, असं तिथे झालं नाही.

निवड वस्तीने करावी, पण एक अट तुमची असू द्या: जिच्या घरात कुणीही, कुठल्याही जातीचं, गटाचं माणूस रात्री दार वाजवू शकेल, ती बाई. शिक्षणापेक्षा हे जास्त मोलाचं आहे. पुढाऱ्याची सून सुचवली गेली तर नम्रपणे थांबा आणि बायकांच्या बैठकीत पुन्हा विषय काढा.

एका वेळी एकच कौशल्य शिकवा. मुलांच्या न्यूमोनियाचं उदाहरण घेऊ. स्टेथोस्कोप लागत नाही, श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगवान श्वसन. ज्या बाईला वीसच्या पुढे मोजता येत नाही, तिने काय करायचं? गडचिरोलीत यासाठी मण्यांचं साधन बनवलं गेलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत वेगवान श्वसनाची हद्द दाखवणाऱ्या लाल मण्यापर्यंत पोचलात, तर औषध सुरू करायचं. निरक्षर दाईही हे बिनचूक करते. कौशल्य अवघड वाटलं की माणूस बदलायच्या आधी साधन बदलता येतं का, ते बघा.

हे शिकवताना व्याख्यान अर्धा तासही देऊ नका. बाळ शांत असताना, आईच्या मांडीवर असताना, पोटावरचा कपडा वर करून मोजायचं. रडत असेल किंवा दूध पीत असेल तर थांबायचं. आधी तुम्ही मोजून दाखवा, मग दोघांनी एकाच बाळाचे श्वास एकाच वेळी, एकमेकांना न सांगता मोजा आणि मग आकडे ताडून पाहा. फरक दोन-तीनच्या आत येईपर्यंत हे चालू ठेवा. छाती आत ओढली जाणं, दूध पिणं बंद होणं, बाळ जागंच न होणं ही धोक्याची चिन्हं. ती दिसली की औषध देत बसायचं नाही, लगेच पाठवायचं, हेही तिथेच शिकवा.

कुपोषणासाठी दंडघेराची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११५ ते १२५ च्या दरम्यान म्हणजे मध्यम. लाल, पिवळा, हिरवा हे रंग बघूनच कळतं. आयांना पट्टी वापरायला शिकवलं तर त्या स्वतः मुलाला घेऊन येतात.

अशा माणसांच्या हातून खरंच जीव वाचतात का, ही शंका अनेक डॉक्टरांच्या मनात असते. गडचिरोलीच्या ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनंही दिली. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या कितीतरी आधी, १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि नातेवाइकांनाच पेशंटला पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. ही ताकद घरच्या माणसांच्या हातात होती.

शिकवलेलं उरलं की नाही, हे तपासायची सर्वांत सुंदर पद्धत मला बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेची वाटते. १९८० पासून दहा वर्षं त्यांच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना जुलाबासाठी मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवत होत्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. किती घरं केली यावर त्यांना पैसे मिळत नव्हते. नंतर दुसरे लोक जाऊन काही आयांना विचारायचे, पाणी करून दाखवायला सांगायचे, आणि आईला किती आठवतं, किती जमतं यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरायचा. अहवालातल्या 'लाभार्थी संख्या' या आकड्यापेक्षा ही एक तपासणी शंभरपट खरी आहे. तुमच्याकडे ओआरएसची तयार पाकिटं असतील, तरी आईला करून दाखवायला सांगा. पाकीट अर्धं अर्धं वापरलं जातं, पाणी कमी घेतलं जातं, हे असंच लक्षात येतं.

मोबदल्याबद्दल संकोच नको. गरीब बाईकडून 'सेवाभाव' म्हणून फुकट काम घेणं आणि स्वतः पगार घेणं हे न्याय्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की आरोग्य कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात नियमित मोबदला मिळावा, आणि तो पूर्णपणे किंवा मुख्यतः 'प्रत्येक केसमागे इतके' अशा स्वरूपाचा नसावा. कारण मग ज्या कामाला पैसे तेवढंच होतं, बाकीचं राहून जातं.

आणि देखरेख म्हणजे रजिस्टरवर सही नव्हे. महिन्यातून एकदा तिच्याबरोबर चार घरी जा. ती बोलेल, तुम्ही गप्प राहा. चूक दिसली तर आईसमोर दुरुस्त करू नका, जीव धोक्यात नसेल तर परतीच्या वाटेवर सांगा. तिची वस्तीतली पत गेली की सगळंच गेलं.

दवाखाना, औषधं, यंत्रं

इमारत लहान ठेवा. पाणी, हात धुण्याची सोय, पडद्याआड तपासायची जागा, निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह आणि रात्रीचा उजेड, या पाच गोष्टी पक्क्या असल्या की बाकीचं मागून येतं.

औषधांची स्वतःची यादी करा. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ साली काढली. तिच्यातून आणि तुमच्या देशाच्या यादीतून निवडायला बसलात तर छोट्या केंद्राचं साठ-सत्तर औषधांत बहुतेक भागतं. कंपनीच्या नावांऐवजी मूळ नावाने लिहा. एका आजाराला एकच पहिल्या पसंतीचं औषध ठेवा, म्हणजे नवीन आलेला डॉक्टरही तेच लिहील.

साठा संपणं हा लोकांचा विश्वास उडवणारा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यासाठी साधा हिशेब फार्मसी सांभाळणाऱ्याला शिकवा. समजा मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या महिन्याला ९०० गोळ्या लागतात, मागणी केल्यापासून माल यायला दोन महिने लागतात आणि एक महिन्याचा राखीव साठा हवा. म्हणजे शिल्लक २,७०० वर आली की त्याच दिवशी मागणी जायला हवी. हा आकडा त्या औषधाच्या कप्प्यावर मोठ्या अक्षरात चिकटवा. ज्याची एक्स्पायरी आधी ते पुढे ठेवा. पावसाळ्यात किंवा बर्फात रस्ता बंद होत असेल तर त्याआधीचा महिना हिशेबात वेगळा धरा.

लसी ठेवायच्या असतील तर तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस. उष्णतेची काळजी सगळे घेतात, पण गोठून वाया जाणाऱ्या लसींकडे दुर्लक्ष होतं. धनुर्वात, हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट या लसी गोठल्या की निकामी होतात आणि बाटलीकडे नुसतं पाहून ते सहज ओळखू येत नाही. तापमान दिवसातून दोनदा लिहायचं काम एका ठरावीक माणसाचं असू द्या, सुट्टीच्या दिवशीही.

देणगीत आलेल्या औषधांना आणि यंत्रांना 'नको' म्हणायला शिका. औषध पोचेल तेव्हा त्याची मुदत निदान वर्षभर उरलेली असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत आहे. यंत्राबाबत चार प्रश्न विचारा: इथली वीज त्याला चालेल का, त्याला सतत लागणाऱ्या वस्तू मिळतील का, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि वापरायला शिकलेली दोन माणसं आहेत का. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, घेताना व्होल्टेज स्टॅबिलायझर, सुटे फिल्टर आणि वीज गेल्यावरचा पर्याय त्याच दिवशी घ्या. धूळ खात पडलेलं सोनोग्राफी मशीन ही सजावट नाही, कुणाच्या तरी पगाराचा गेलेला पैसा आहे.

जुनाट आजारांचं कार्ड

कॉम्प्युटर असो-नसो, मला एक लाकडी किंवा पुठ्ठ्याचा खोका फार उपयोगी वाटतो. त्यात ३१ कप्पे. रक्तदाब, मधुमेह, फिट, क्षयरोग यांच्या प्रत्येक पेशंटचं एक कार्ड. पेशंट येऊन गेला की पुढच्या भेटीच्या तारखेच्या कप्प्यात कार्ड जातं. संध्याकाळी आजच्या कप्प्यात जी कार्डं उरली, ती माणसं आलेली नाहीत. ती नावं त्या-त्या वस्तीच्या आरोग्यदूताला त्याच आठवड्यात कळवायची. खोका चालवायला डॉक्टर लागत नाही, वीज लागत नाही, आणि कोण सुटतंय ते रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर येतं.

न आलेल्यावर रागावू नका, कारण शोधा. हैतीमध्ये कांज या भागात पॉल फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोगाचं औषध फुकट दिलं, तरी बरेच पेशंट बरे होत नव्हते. मग एका गटाला औषधाबरोबर घरी येऊन चौकशी करणारा सोबती, पोषणासाठी आणि प्रवासासाठी थोडे पैसे असं सगळं दिलं. नुसतं औषध मिळालेल्या गटात जेमतेम निम्मे बरे झाले, या गटात सगळे. 'पेशंट औषध घेत नाही' हे वाक्य केस पेपरवर लिहिण्याआधी हे आठवावं.

रेफर करताना

पेशंट पाठवणं म्हणजे चिठ्ठी लिहिणं नव्हे. आधी स्वतः त्या मोठ्या रुग्णालयात जा, तिथल्या डॉक्टर-नर्सना भेटा, थेट फोन नंबर घ्या. रात्री दोन वाजता कोणाची गाडी मिळते, नदीला पूर असेल तर दुसरी वाट कोणती, सोबत कोण जाईल, रक्त लागलं तर कोण देईल, हे वस्तीबरोबर बसून आधीच ठरवा. आठव्या महिन्यातल्या प्रत्येक गरोदर स्त्रीच्या घरी ही बोलणी झालेली असावीत, आणि ती नवऱ्याबरोबरच सासूशीही व्हावीत.

चिठ्ठी दोन भागांची छापा. वरचा भाग तुमचा: काय आढळलं, काय दिलं, किती वाजता. खालचा भाग त्या रुग्णालयाने भरून परत द्यायचा: निदान, केलेला उपचार, पुढे काय करायचं. सुरुवातीला परत आलेले भाग थोडेच असतील. महिन्यातून एकदा तिथे जाऊन, न आलेल्यांची चौकशी करत राहिलात की हळूहळू वाढतात.

पैसा

बांधकामाला आणि रुग्णवाहिकेला देणगीदार मिळतात, नर्सच्या पाचव्या वर्षीच्या पगाराला मिळत नाहीत. म्हणून कोणतीही वस्तू घेण्याआधी ती पुढची पाच वर्षं चालवायचा खर्च कागदावर मांडा. तो कुठून येणार हे सांगता येत नसेल, तर वस्तू नाकारा. एकाच देणगीदारावर निम्म्याहून अधिक भार असेल तर ती धोक्याची घंटा आहे.

शुल्क घ्यावं की नाही यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत असं: लसीकरण, बाळंतपण, लहान मुलं, क्षयरोग आणि तातडीचे उपचार मोफत असावेत. बाकी ठिकाणी परवडेल असं ठरावीक शुल्क चालेल, पण कुणालाही काउंटरवर चारचौघांत आपली गरिबी सिद्ध करावी लागू नये. कुणाला सवलत लागेल ते आरोग्यदूताला आधीच माहीत असतं, तिच्याकडून गुपचूप यादी घ्या.

ज्यांना परवडतं त्यांच्या पैशातून इतरांची सेवा, हा मार्गही चालतो. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईला ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं ते याच तत्त्वावर, आणि पुढे १९९२ मध्ये डोळ्यातली कृत्रिम भिंगं स्वस्तात बनवण्यासाठी ऑरोलॅब काढली. मात्र मोतीबिंदूचं गणित बाळंतपणाला किंवा मानसिक आजाराला जसंच्या तसं लागू पडत नाही. प्राथमिक आरोग्यसेवा पूर्णपणे स्वतःच्या कमाईवर चालवता येईल, अशी आशा ठेवू नका. ती शेवटी सार्वजनिक जबाबदारी आहे. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय अल्मा-आता जाहीरनाम्यातही लोकांच्या आरोग्याची जबाबदारी सरकारांवरच टाकलेली आहे. म्हणून सरकारी यंत्रणेला समांतर दुसरी यंत्रणा उभी करण्यापेक्षा तिच्याच रिकाम्या जागा भरा, तिच्याच नोंदवह्या वापरा, तुमचे आकडे दरमहा तिला द्या. त्रास होईल, फायली अडकतील, अधिकारी बदलतील. तरीही हाच रस्ता दूर जातो.

सोपवणं

सोपवायची तयारी पहिल्या वर्षीच सुरू करा. प्रत्येक जबाबदारीसमोर दोन नावं लिहिलेला एक तक्ता बनवा: आज कोण करतं, आणि पुढे कोण करणार. दर सहा महिन्यांनी निदान एक जबाबदारी तुमच्या नावावरून उतरली पाहिजे. आधी औषधखरेदी, मग आरोग्यदूतांची बैठक, मग हिशेब, आणि शेवटी नोकरभरती व बँकेतल्या सह्या. बहुतेक संस्थापक नेमकं हे शेवटचं सोडत नाहीत. स्थानिक लोकांची समिती असेल तर तिला खरा अधिकार द्या, अगदी तुमचा प्रस्ताव फेटाळण्याचासुद्धा. समितीत बायका आणि वस्तीतल्या सर्वांत गरीब घरांतली माणसं निम्मी तरी असावीत.

तिथल्या तरुणांना शिकायला पाठवणं हा सर्वांत संथ आणि सर्वांत पक्का उपाय आहे. आज दहावीत असलेली मुलगी नर्स होऊन परत यायला सहा-सात वर्षं लागतील, म्हणून तिच्या शिष्यवृत्तीची तजवीज आजच करायची.

प्रत्यक्ष निघण्याच्या वर्षभर आधी लोकांना सांगा, तारखेसह. नव्या डॉक्टरला किमान तीन महिने तुमच्याबरोबर ओपीडीत बसवा. पहिल्या महिन्यात तुम्ही तपासा, दुसऱ्यात दोघं, तिसऱ्यात तो किंवा ती, आणि तुम्ही मागच्या खुर्चीत. खोक्यातलं प्रत्येक जुनाट पेशंटचं कार्ड दोघांनी मिळून एकदा वाचा. अवघड पेशंटच्या घरी बरोबर जाऊन ओळख करून द्या. परवाने, भाडेकरार, औषधाचे पुरवठादार, रुग्णालयांचे फोन, गाडीवाल्यांची नावं, यंत्रांची वॉरंटी हे सगळं एका फाइलमध्ये लावा आणि तिची एक प्रत समितीच्या कपाटात ठेवा. गेल्यानंतर पहिले सहा महिने फोन आला तर उत्तर द्या, पण पेशंटचा निर्णय तुम्ही देऊ नका. 'तिथल्या डॉक्टरांना विचारा' असं सांगा, आणि मग त्या डॉक्टरला वेगळा फोन करून हवी ती मदत करा.